वादळ गेल्यावर तीन दिवसांनी : समुद्राखालच्या घळींत गाळ कसा सुटतो

ऑगस्ट २००९ मध्ये मोराकोट हे वादळ तैवानवर येऊन धडकलं आणि तिथेच रेंगाळलं. डोंगराळ भागात काही ठिकाणी चार-पाच दिवसांत २,७०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. मुंबईत अख्ख्या पावसाळ्यात सरासरी जेवढा पडतो, त्याहून हा जास्त. दरडी कोसळल्या. शाओलिन नावाचं गाव एका दरडीखाली जवळजवळ पूर्ण गाडलं गेलं आणि एकट्या त्या गावात चारशेहून अधिक माणसं गेली. दक्षिण तैवानमधली गाओपिंग नदी चिखल, दगड, उन्मळलेली झाडं असं सगळं पोटात घेऊन समुद्राकडे धावली.

या नदीच्या मुखापासून जेमतेम किलोमीटरभर अंतरावर समुद्राच्या तळाशी एक घळ सुरू होते. तीही गाओपिंग घळ म्हणूनच ओळखली जाते. ९ ऑगस्टच्या सुमारास, पूर ऐन भरात असताना, या घळीतून गाळाचा एक लोंढा खाली गेला आणि तळावर टाकलेल्या दूरसंचाराच्या केबल तुटल्या. एवढ्या पुरानंतर यात नवल काही नव्हतं. नवल पुढे घडलं. १२ ऑगस्टपर्यंत नदीचं पाणी ओसरत आलं होतं आणि मोराकोट चीनमध्ये जाऊन विरलं होतं. तेव्हा त्याच घळीतून दुसरा लोंढा सुटला. हा पहिल्यापेक्षा जास्त विध्वंसक निघाला. मनिला गर्तेच्या दिशेनं साडेतीनशे किलोमीटरहून जास्त अंतर कापताना त्यानं वाटेतल्या केबल एकामागून एक तोडल्या.

वादळ संपल्यावर, पूर ओसरल्यावर, तीन दिवसांनी गाळ सुटला कशानं? मला वाटतं, हा सगळा विषय समजून घ्यायचा तर या तीन दिवसांपासूनच सुरुवात करायला हवी. वादळ गाळाला खोल समुद्रापर्यंत हाकत नेतं असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं, पण वादळाचं काम फार आधी संपतं. ते गाळ आणून रचतं, किंवा आधीच रचलेला गाळ सैल करतं. पुढचे शेकडो किलोमीटर गाळ स्वतःच्या वजनावर जातो.

घळीच्या तोंडाशी

शाळेच्या भूगोलात आपण समुद्रबूड जमीन, मग खंडान्त उतार, मग सागरी मैदान असा समुद्रतळ शिकलो. पुस्तकातल्या आकृतीत तो उतार गुळगुळीत असतो. प्रत्यक्षात तो घळींनी फाटलेला आहे. जगभरच्या समुद्रांत अशा नऊ हजारांहून अधिक मोठ्या घळी मोजल्या गेल्या आहेत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या मॉन्टेरे घळीचे कडे काही ठिकाणी दीड किलोमीटरहून उंच आहेत.

यांतल्या बहुतेक घळी आज सुस्त आहेत. याचं कारण हिमयुगात आहे. वीसेक हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. समुद्रबूड जमिनीचा मोठा भाग तेव्हा उघडा होता, नद्या त्यावरून वाहत थेट उताराच्या काठापर्यंत जात आणि आपला गाळ घळींच्या तोंडात ओतत. पुढे बर्फ वितळलं, समुद्र चढला, किनारा मागे सरकला आणि घळींची तोंडं नद्यांपासून दूर, खोल पाण्यात राहिली. खाणंच बंद झालं.

काही घळींचं मात्र तसं झालं नाही. त्या वरच्या बाजूला झिजत झिजत समुद्रबूड जमीन चिरून किनाऱ्यापर्यंत येऊन भिडल्या आहेत. गाओपिंग त्यांतली एक. आफ्रिकेतली काँगो घळ तर नदीच्या खाडीच्या आतच सुरू होते. मॉन्टेरे घळीचं तोंड मॉस लँडिंग या छोट्या बंदराच्या दारात आहे. तिथे मोठी नदी थेट घळीत येत नाही, पण वाळू येते. लाटा किनाऱ्यावर तिरक्या आपटतात आणि प्रत्येक लाटेबरोबर वाळू किनाऱ्याच्या कडेकडेनं थोडी थोडी पुढे सरकत राहते. वाटेत घळीचं तोंड आलं की ती आत पडते. आत पडलेली वाळू पुळणीवर परत येत नाही. दरवर्षी लाखांच्या घरात घनमीटर वाळू ही घळ अशी गिळते.

ही वाळू घळीच्या तोंडाशी आणि तळावर फार सैल रचली जाते, आणि हे सैलपण महत्त्वाचं आहे. डब्यात डाळ ओतली आणि डबा ओट्यावर दोनदा आपटला की डाळ खाली बसते. दाण्यांमधली मोकळी जागा कमी होते. वाळूचंही तसंच, फक्त तिच्या कणांमध्ये पाणी भरलेलं असतं. हादरा बसला की कण जवळ यायला बघतात, पण मधल्या पाण्याला तेवढ्या घाईनं निसटता येत नाही. ते दाबलं जातं. वरच्या थरांचं ओझं तोपर्यंत कणांनी एकमेकांवर पेललेलं असतं, ते आता त्या पाण्यावर येतं. कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि घट्ट वाटणारी वाळू दाट द्रवासारखी वागू लागते. सपाट जागी हे घडलं तर थोड्या वेळानं पाणी झिरपून जातं आणि वाळू पुन्हा बसते. उतारावर घडलं तर ती बसण्याआधीच निघालेली असते.

लाट तळापर्यंत पोचते कशी

लाट म्हणजे पाण्याचं पुढे धावणं नव्हे. लाट पुढे जाते, पाणी मात्र जागच्या जागी गोल फिरतं. पृष्ठभागावर हे वर्तुळ लाटेच्या उंचीएवढं असतं आणि खाली जावं तसं लहान होत जातं. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर ते जवळपास संपतं. म्हणून लाटेची उंची पाहून तळाचं काय होणार ते कळत नाही. त्यासाठी दोन लाटांमधलं अंतर बघावं लागतं.

एका लाटेमागून दुसरी लाट आठ सेकंदांनी येत असेल, तर खोल समुद्रात त्या दोन लाटांमधलं अंतर सुमारे १०० मीटर असतं. तिचा स्पर्श ५० मीटर खोलीपर्यंत. मोठ्या वादळातून निघालेल्या लाटा पंधरा-पंधरा सेकंदांच्या असतात. त्यांच्यातलं अंतर साडेतीनशे मीटर भरतं आणि त्यांची चाहूल पावणेदोनशे मीटर खोलीपर्यंत लागते. त्या टोकाला ती अगदी पुसट असते, पण ५०-६० मीटर खोलीवर अशा उंच लाटा तळाची वाळू सहज उचलतात. एरवी वर्षभर शांत पडलेला तळ वादळाच्या त्या दोन दिवसांत ढवळून निघतो. अशा लांब लाटा आपल्या वादळापासून हजारो किलोमीटर दूर जाऊ शकतात. उत्तर पॅसिफिकमध्ये कुठेतरी वादळ झालेलं असतं आणि कॅलिफोर्नियाच्या घळीच्या तोंडावर स्वच्छ उन्हात तळ हलत असतो.

ढवळण्याबरोबर लाटा आणखी एक काम करतात. लाटेचा माथा वरून जाताना तळावरचा दाब वाढतो, खळगा जाताना कमी होतो. पंधरा सेकंदांच्या लाटा म्हणजे तासाला २४० वेळा दाबणं आणि सोडणं. हे तास-न्-तास चाललं की सैल वाळूतल्या पाण्याचा दाब चढत जातो आणि वर सांगितलेली पकड सुटते. उत्तर कॅलिफोर्नियातल्या ईल घळीच्या तोंडाशी पेरे पुइग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९-२००० च्या हिवाळ्यात उपकरणं ठेवली होती. तिथे ईल नदी भरपूर चिखल आणते, म्हणून नदीला पूर आला की घळीत गाळ उतरेल, हा अंदाज स्वाभाविक होता. नोंदींमध्ये मात्र गाळाच्या घसरणीची सांगड पुरापेक्षा लाटांच्या जोराशी बसली.

वादळ आणखी एका वाटेनं घळीत शिरतं. वारा आणि लाटा मिळून पाणी किनाऱ्याकडे रेटतात. किनाऱ्याशी पाण्याची पातळी थोडी चढते. हे जादा पाणी परत जायला वाट शोधतं आणि घळ ही सगळ्यात सोपी वाट असते. दक्षिण कॅलिफोर्नियात ला होया इथल्या स्क्रिप्स संस्थेच्या दारातच एक घळ आहे. तिथले पाणबुडे शास्त्रज्ञ कित्येक वर्षं तिच्या तोंडाशी उतरून खोली मोजत होते. वाळू आणि समुद्री गवताचा गाळ हळूहळू साठायचा, आणि एखाद्या वादळानंतर पाहावं तर तळ एकदम खोल गेलेला असायचा. जाताना काय होतं हे कोणी पाहिलं नव्हतं. १९६८ मध्ये डग्लस इनमन यांच्या गटानं घळीत प्रवाहमापक बसवला. वादळ आलं तेव्हा आधी प्रवाह वर-खाली, वर-खाली असा झोके घेत होता. प्रत्येक झोक्यात खालच्या दिशेचा जोर वाढत गेला. सेकंदाला १.९ मीटर हा वेग नोंदवून उपकरण गेलं. पुढचा वेग नोंदवायला ते जागेवर राहिलंच नाही. या विषयातल्या कित्येक नोंदी अशाच ऐन मोक्याच्या क्षणी तुटलेल्या आहेत.

नदी थेट तळाशी बुडते तेव्हा

तैवानची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे गाळ थेट नदीतून येतो. नदीचं पाणी गोडं, म्हणून समुद्रापेक्षा हलकं. एक घनमीटर गोडं पाणी १,००० किलोचं, समुद्राचं सुमारे १,०२५ किलोचं. त्यामुळे पुराचं गढूळ पाणी सहसा समुद्रावर तरंगत पसरतं. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी पावसाळ्यात दिसणारा तांबूस पट्टा हाच. त्या पाण्याला बुडायचं असेल तर गाळाचं वजन हा २५ किलोंचा फरक भरून काढायला हवं. हिशेब केला तर दर लिटरमागे साधारण ४० ग्रॅम गाळ लागतो.

मोठ्या नद्यांना हे जमत नाही. गंगा-ब्रह्मपुत्रा वर्षाला सुमारे १०० कोटी टन गाळ आणतात, पण पाणीही इतकं आणतात की लिटरमागे गाळ सरासरी एखादा ग्रॅमच पडतो. तैवानच्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत. गाओपिंग नदी १७१ किलोमीटरची आणि तिचा उगम ३,९५२ मीटर उंच युशान पर्वताच्या परिसरात. भूकंपांनी खिळखिळे झालेले ठिसूळ डोंगर, त्यावर वादळी पाऊस. एवढ्याशा बेटाच्या नद्या वर्षाला सरासरी ३८ कोटी टनांहून जास्त गाळ समुद्रात टाकतात. वादळाच्या काही तासांत तिथलं पाणी ४० ग्रॅमची मर्यादा ओलांडतं, समुद्रात शिरताच बुडी मारतं आणि तळाला धरून घळीत उतरतं. ९ ऑगस्टचा पहिला लोंढा असा होता.

आता त्या तीन दिवसांचं उत्तर देता येतं. पहिल्या लोंढ्याबरोबर सगळा गाळ खोलवर गेला नाही. पुराचा पुष्कळसा गाळ घळीच्या वरच्या भागात आणि आसपास घाईघाईनं साचला. इतका जाड थर इतक्या कमी वेळात पडला की त्यातलं पाणी बाहेर पडायला सवड मिळाली नाही. कागदावर तो थर स्थिर, प्रत्यक्षात काठावर. अशा थराला कोसळायला मोठं कारण लागत नाही. तो १२ ऑगस्टला कोसळला.

एकदा सुटला की

उतारावर निघालेला गाळ लगेच थांबत का नाही? समुद्रतळाचा उतार फार नसतो; घळींच्या तळाशी कित्येक ठिकाणी एक-दोन अंश, कुठे त्याहूनही कमी. एवढ्या उतारावर जमिनीवरचा वाळूचा ढीग हलणारही नाही.

पाण्यात मिसळलेला गाळ मात्र वेगळा वागतो. गढूळ पाणी भोवतालच्या पाण्यापेक्षा जड असतं म्हणून ते उताराकडे सरकतं. सरकताना खळबळ होते, ती खळबळ कणांना खाली बसू देत नाही, म्हणून ते पाणी जडच राहतं आणि सरकत राहतं. शास्त्रज्ञ याला टर्बिडिटी करंट म्हणतात. आपण गाळप्रवाह म्हणू. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की तो तळ खरवडू लागतो. खरवडलेला गाळ त्यात मिसळतो, प्रवाह आणखी जड होतो, वेग वाढतो आणि खरवडणंही वाढतं. दुसरीकडे वरून स्वच्छ पाणी मिसळून त्याला पातळ करत असतं. या दोहोंत पातळ करणारं पाणी जिंकलं तर प्रवाह काही किलोमीटरांत विरतो. खरवडणं जिंकलं तर सुरुवातीला सुटलेल्या गाळाच्या कित्येक पट गाळ शेवटी त्यात असतो. सुरुवात लहान आणि शेवट प्रचंड असं घडू शकतं ते यामुळे. त्यासाठी घळीच्या तळावर आधीच्या वर्षांचा सैल गाळ पडलेला हवा.

उतार संपून सागरी मैदान आलं की वेग मंदावतो. जाड वाळू आधी बसते, मग बारीक, मग चिखल. एका प्रवाहामागे एक थर उरतो, खाली भरड आणि वर बारीक. अशा थरांवर थर चढत गेले की घळीच्या पायथ्याशी गाळाचा पंखा तयार होतो. भूगर्भशास्त्रज्ञ आज डोंगरात उघड्या पडलेल्या खडकांतही असे थर ओळखतात आणि सांगतात की इथे कधीकाळी खोल समुद्र होता.

केबलींनी दिलेली साक्ष

या प्रवाहांचा वेग पहिल्यांदा मोजला तो अपघातानंच. १८ नोव्हेंबर १९२९ ला न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला ग्रँड बँक्स भागात भूकंप झाला. अटलांटिकच्या तळावरच्या १२ तारयंत्र केबल तुटल्या. भूकंपकेंद्राजवळच्या लगेच तुटल्या, पण खोल समुद्रातल्या एकेक करून, ओळीनं, तेरा तासांहून अधिक काळ तुटत राहिल्या. कोणती केबल कधी बंद पडली याची वेळ तारकचेऱ्यांत नोंदलेली होती. १९५२ मध्ये ब्रूस हीझेन आणि मॉरिस युइंग यांनी त्या वेळा आणि अंतरं मांडून दाखवलं की काहीतरी तळावरून ताशी कित्येक दहा किलोमीटरच्या वेगानं धावत गेलं होतं. त्या केबल तोडणाऱ्याचं रूप कोणी पाहिलं नव्हतं. वेळांच्या त्या कोरड्या नोंदींवरून ते ओळखलं गेलं, ही मला विज्ञानातली फार सुंदर कामगिरी वाटते.

घळीत ठिकठिकाणी एकाच वेळी सविस्तर मोजणी जमायला पुढे साठेक वर्षं गेली. ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०१७ असे अठरा महिने अमेरिका, ब्रिटन आणि चीनमधल्या संस्थांनी मिळून मॉन्टेरे घळीत उपकरणांची साखळी लावली. दोराला टांगलेले ध्वनिमापक वरून खाली बघत प्रवाहाचा वेग मोजत. बीच बॉलएवढे, सेन्सर भरलेले गोळे तळावर ठेवले होते, म्हणजे प्रवाह आला की तेही त्याच्याबरोबर जातील आणि आपण किती खोल गेलो, कसे हललो याची नोंद ठेवतील. त्या काळात किमान पंधरा गाळप्रवाह आले. बरेच लवकर विरले, काही थोडे पन्नास किलोमीटर गेले. १५ जानेवारी २०१६ चा प्रवाह त्यांतला एक.

सगळ्यात वेगवान प्रवाहाचं तोंड सेकंदाला ७.२ मीटरनं सरकलं, म्हणजे ताशी २६ किलोमीटर. पाण्याखाली हा वेग फार आहे. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे ८०० किलोची, तळावर ठेवलेली अवजड चौकट या प्रवाहांनी सेकंदाला चार मीटर किंवा अधिक वेगानं वाहून नेली. पातळ गढूळ पाण्याला हे जमणार नाही. चार्ल्स पॉल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये यावरून निष्कर्ष काढला की वर दिसतो तो गढूळ ढग, पण खरं काम त्याच्या खालचा कमी जाडीचा, दाट थर करतो. घळीच्या तळावरची सैल वाळूच पकड सुटून वाहू लागते आणि तिच्या अंगावर आणि पुढे ढग धावतो.

याच प्रयोगातून दुसरी गोष्ट कळली, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. पंधरा प्रवाहांपैकी सगळ्यांची वेळ वादळाशी, पुराशी किंवा भूकंपाशी जुळली नाही. काही वेळा मोठ्या लाटा आल्या आणि घळ जागची हलली नाही. काही वेळा बाहेर विशेष काही नसताना प्रवाह सुटला. आकाशाकडे बघून याचा अंदाज बांधता येत नाही, कारण निम्मी गोष्ट तळाशी घडत असते. घळीच्या तोंडाशी पुरेसा गाळ साठलेला असेल तर साधी ओहोटीही पुरते. नुकतीच घळ रिकामी झाली असेल तर मोठं वादळही फुकट जातं.

काँगोचं उदाहरण याला पुष्टी देतं. २०१९ च्या डिसेंबरात काँगो नदीला कित्येक दशकांतला मोठा पूर आला. गाळप्रवाह सुटला तो जानेवारी २०२० च्या मध्यावर, उधाणाच्या भरतीच्या दिवसांत. तो ११०० किलोमीटरहून लांब गेला, आणि दूर जाताना त्याचा वेग वाढत सेकंदाला आठ मीटरवर पोचला. पश्चिम आफ्रिकेच्या दोन केबल तुटल्या. पुरानं गाळ आणला, काही आठवड्यांनी उधाणानं धक्का दिला.

खोल समुद्रातली ही केबल साधारण १७ ते २२ मिलिमीटर जाड असते, म्हणजे अंगठ्याएवढी. किनाऱ्याजवळ नांगर आणि जाळ्यांच्या भीतीनं तिच्यावर पोलादी कवच चढवतात, खोलात ते कमी करतात. खंडांमधला जवळपास सगळा डेटा अशा केबलींतून जातो. २६ डिसेंबर २००६ च्या भूकंपानं दक्षिण तैवानजवळ असेच प्रवाह सुटले तेव्हा नऊ केबल तुटल्या, आणि त्या जोडायला ११ जहाजांना ४९ दिवस लागले. एका केबलला पर्याय म्हणून दुसरी केबल त्याच घळीतून नेली तर तो पर्याय राहत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

आपल्याकडे?

कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्याला हा प्रश्न पडणारच. उत्तर दिलासा देणारं आहे. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन फार रुंद आहे, सुमारे ३०० किलोमीटर. मुंबई हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून १६० किलोमीटर आत आहे आणि तिथे पाणी जेमतेम ७५ मीटर खोल. हिमयुगात तिथे समुद्रच नव्हता, जमीन होती. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ याच भागातून गेलं, बार्ज पी-३०५ बुडाली आणि कित्येक कामगारांचा जीव गेला. अशा लाटा तिथला तळ नक्कीच ढवळतात. पण ढवळलेल्या गाळाला उतरायला जवळ घळ नाही, उतारही नाही. तो थोडा इकडेतिकडे सरकून पुन्हा बसतो. आपल्या सह्याद्रीतून पश्चिमेला येणाऱ्या नद्यांचा गाळ बराचसा खाड्यांत आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतो. वायव्येकडे सिंधूची घळ मात्र किनाऱ्याच्या जवळ येते, आणि मुंबईहून पश्चिमेला जाणाऱ्या केबल सिंधूच्या गाळानं बनलेल्या विस्तीर्ण पंख्यावरूनच जातात. सिंधूवर धरणं झाल्यापासून समुद्रात पोचणारा गाळ फार घटला आहे, त्यामुळे ती घळ पूर्वीसारखी भरत नाही.

बंगालच्या उपसागरात परिस्थिती उलटी आहे. बांगलादेशसमोर ‘स्वॉच ऑफ नो ग्राउंड’ नावाची घळ समुद्रबूड जमीन चिरत आत येते आणि तिचं तोंड जेमतेम वीस-तीस मीटर पाण्यात उघडतं. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाचा सुमारे एक तृतीयांश वाटा या बाजूला जातो. कुडरास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या घळीच्या वरच्या भागातून गाळाचे उभे नमुने काढले. त्यांत खाली भरड, वर बारीक असे थर एकावर एक होते, आणि त्यांचा क्रम बांगलादेशवर आदळलेल्या मोठ्या चक्रीवादळांच्या नोंदींशी जुळत होता. दोन वादळांच्या मधल्या काळात भरती-ओहोटी बारीक चिखल आत आणत राहते. १९७० आणि १९९१ च्या वादळांनी त्या किनाऱ्यावर लाखो माणसं मारली. तीच वादळं उथळ समुद्रातला हिमालयाचा गाळ उचलून घळीत टाकत होती.

या घळीच्या पायथ्याशी जगातला सगळ्यात मोठा गाळाचा पंखा आहे, सुमारे ३,००० किलोमीटर लांब, श्रीलंकेच्याही दक्षिणेला पोचलेला. गाळाबरोबर हिमालयाच्या जंगलांतला पालापाचोळा, लाकूड, मातीतलं सेंद्रिय द्रव्यही तिथे जातं आणि लवकर गाडलं गेल्यामुळे त्यातला बराच कार्बन कुजून हवेत परत येत नाही. हवेतला कार्बन लाखो वर्षांसाठी बाजूला ठेवणारी ही मोठी यंत्रणा आहे, आणि तिच्या दारात वर्षाआड चक्रीवादळं येतात.

म्हणूनच त्या घळीत मॉन्टेरेसारखी उपकरणं रोवून, एखादं चक्रीवादळ वरून जात असताना तळाशी काय होतं हे सलग टिपलं जावं, असं मला मनापासून वाटतं. बांगलादेशची दुसरी आंतरराष्ट्रीय केबल २०१७ पासून या घळीच्या पूर्वेला कुआकाटा इथे किनाऱ्याला लागते. चक्रीवादळानंतर किनाऱ्यावर नुकसानीचे पंचनामे होतात, पाण्याच्या पातळीच्या नोंदी घेतल्या जातात. त्याच आठवड्यात एक सर्वेक्षण बोट घळीच्या तोंडावरून फिरवून तळाची खोली मोजली आणि ती वादळाआधीच्या नकाशाशी ताडली, तर दोहोंपैकी काय झालं ते कळेल: गाळ खाली निघून गेला आहे, की नव्यानं साठून तिथेच बसला आहे. साठलेला असेल तर पुढचे काही आठवडे, विशेषतः अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, त्या घळीवर लक्ष ठेवावं लागेल.